शोकेसवरचा एकोणतीस इंची

अण्णा, मंगळवारी दुपारी तुमचा टीव्ही माझ्या पोरीच्या अंगावर पडता पडता राहिला. तिला काही झालेलं नाही, हे आधीच सांगते. साधं खरचटलंसुद्धा नाही. पण आज सहा दिवस झाले, माझं कशातच लक्ष नाही. ऑफिसच्या कॅबमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसले की डोळ्यांसमोर तेच येतं, आणि दर वेळी माझ्या डोक्यातला टीव्ही पडतोच. मी मुद्दाम पाडत नाही, तो पडतो. मग घरी फोन करून विचारते, काय करतेय ती, खेळतेय ना, कुठे आहे, कोणत्या खोलीत आहे. आई आता फोनच उचलेनाशी झालीय. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही फोन उचलला असता आणि वर दहा प्रश्न मलाच विचारले असते.

टीव्ही आणलात तो दिवस तुम्हाला आठवत असेल. महाळुंग्याच्या कंपनीतून तुम्ही दुपारीच घरी आलात, टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, आणि मागे खोक्याला धरून तुमच्या लाइनवरचे चौघे. एकोणतीस इंची, सपाट काचेचा, मागे मात्र भलं मोठं पोट. सांगवीच्या आपल्या जिन्यावर त्या चौघांनी तीनदा खाली टेकवला. शोकेस होती जुन्या एकवीस इंचीच्या मापाची. मागचं पोट भिंतीला टेकलं, तरी पुढचे पाय अगदी फळीच्या काठावर आले. तुम्ही कंपनीची लेव्हल लावून बघितलीत, फळी एका रेषेत आहे म्हणालात, आणि समाधानानं मागे सरकून बसलात. मी जमिनीवर बसले होते. खालून बघितलं की तो टीव्ही खोलीत वाकून बघतोय असं वाटायचं, पण नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय.

नंतर आठवडाभर आपल्याकडे मतं गोळा होत होती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, माणसांचे चेहरे लांबट दिसतात. खालच्या मजल्यावरचे काका चष्मा काढून, परत घालून बघायचे आणि म्हणायचे की सपाट काचेनं डोळ्याला त्रास नाही. आईचं मत रिमोटपुरतं होतं, तिला त्यातली दोनच बटणं मान्य होती. आणि तुम्ही. बाजारभाव सांगणाऱ्या कार्यक्रमात भाजी दाखवली की तुम्ही ओरडायचात, "बघ गं, बघ! टमाटा कसा टमाट्यावानी दिसायलाय!" मी तुम्हाला इतकं खूश फार थोड्या वेळा बघितलंय. म्हणूनच कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं हे आता कळतंय.

कारण घरात बोलायची सोय तुम्हीच करून ठेवली होती ना. कंपनीत प्रत्येकानं महिन्याला निअर मिसची कार्डं भरायची असत. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, ते कार्डावर लिहायचं. बाकीचे लोक महिनाअखेरीला काहीतरी खरडून टाकायचे. तुम्ही मात्र ते इतकं मनावर घेतलंत की तसलीच वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलीत. कुकरची मूठ कट्ट्याच्या बाहेर आली, लिहा. उंबऱ्यात चप्पल, लिहा. मोरीत साबणाचं पाणी, लिहा. एकदा मी गॅस नीट बंद केला नव्हता, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत, नुसती वही पुढे केलीत. "रडायलीस कशाला? लिही की. आज काय बी झालं न्हाई म्हणून उद्या होणार न्हाई का?" मला मार चालला असता. आईनं एकदा तिथं लिहिलं होतं, पुऱ्या तळताना नवरा सारखा बोलत होता, थोडक्यात वाचला. तुम्ही तेही गंभीरपणे वाचलंत आणि खाली सही केलीत.

त्या वहीत एक गोष्ट कधी लिहिली गेली नाही. टीव्ही आला त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. तुम्ही फर्स्ट शिफ्टला. टीव्ही चालू केल्या केल्या काचेजवळ हात नेला की बारीक चरचर व्हायची आणि हातावरचे केस उभे राहायचे. मला तो नाद लागला होता. काचेच्या वरच्या काठापर्यंत हात पोचेना म्हणून मी शोकेसचे ड्रॉवर उघडले, खालचा, त्याच्यावरचा, आणि पायऱ्यांसारखी चढले. सगळी शोकेस पुढे आली. आवाज काही फार झाला नाही, फळी कुरकुरली तेवढंच. आई कणीक मळत होती. ती धावत आली, आधी मला पायानं लांब ढकललं आणि मग खांदा त्या काचेला लावला. मी भिंतीवर आपटले. तिनं टीव्ही मागे लोटला, काचेवर उठलेले कणकेचे हात पुसले, आणि मला म्हणाली, "अण्णाला सांगू नगंस. लई हौसेनं आणलाय त्यांनी." मी तिच्यावर कितीतरी वर्षं चिडून होते. लाथ मारली म्हणून.

आम्ही सांगितलं नाही. नंतर चार वर्षांनी तुम्हीच गेलात, कंपनीच्या बसची वाट बघता बघता. मग तर त्या टीव्हीला हात लावायचीही चोरी झाली. सगळे त्याला अण्णांचा टीव्ही म्हणू लागले. तुमच्या मुलानं त्याच्या लग्नात सपाट, भिंतीला लावायचा पातळ टीव्ही आणला, तो आईनं त्याच्याच खोलीत लावायला लावला. "त्यातली माणसं पिलाष्टिकची दिसायलीत," असं तिचं मत. मी दोनदा भंगारवाल्याला वर बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "ताई, ट्यूबवाला नको. ती काच कोण घेतंय आता?" आई आतून म्हणाली, "मी जिती हाय तवर हलायचा न्हाई." आणि मी, तुमची मुलगी, सगळं माहीत असलेली, त्याला जिन्यापर्यंत सोडून आले. दर उन्हाळ्यात शोकेसला मागून पट्टी मारून घ्यायची ठरवत होते. दोन स्क्रूचं काम.

मंगळवारी मी आईकडूनच काम करत होते. आतल्या खोलीत मीटिंग चालू, कानात हेडफोन. एका कानातला निसटला होता म्हणून ड्रॉवरचा आवाज आला. लाकडावर लाकूड घासल्याचा. मग दुसरा. अण्णा, तो आवाज मी ओळखला. मला वळूनही बघायची गरज नव्हती. पोरगी साडेतीन वर्षांची आहे, तिला ती चरचर कुणी दाखवली असेल सांगा. मीच. त्याच्या आदल्या रविवारी तिला कडेवर घेऊन, तिचा हात काचेजवळ नेऊन. ती हसली होती म्हणून तीनदा दाखवलं. मी धावले तेव्हा शोकेस पुढे झुकली होती आणि टीव्ही काठावरून सरकत होता. ती दुसऱ्या ड्रॉवरवर उभी, एक हात वर. मी वेळेवर पोचले. आई मागून आली तेव्हा पोरगी जमिनीवर होती आणि टीव्ही जागेवर, आणि मी भिंतीशी बसून ओकत होते.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. त्या मॉडेलबद्दल लोकांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय ते शोधत बसले. पुष्कळ लिहिलंय, अजूनही लिहितात. रंग उत्तम, आवाज भरदार, वीस वर्षं हात लावावा लागला नाही, फक्त वजन फार, दोघांना उचलत नाही. मी खाली खाली सरकवत राहिले. कुणीतरी लिहिलं असेल की पुढून जड आहे, काच सगळी पुढे आहे, लेकरांपासून जपा. एकानंही नाही. सगळे खूश आहेत. मग मला आणखी भीती वाटली, की ज्यांच्या घरी तो पडला ते मत द्यायला कशाला बसतील.

काल तुमचा मुलगा त्याच्या कंपनीतल्या तिघांना घेऊन आला. एक जण उचलताना म्हणाला, "भावा, टीव्ही आहे का इंजिनाचा ब्लॉक?" आई तोंड फिरवून बसली. आता तो कोपऱ्यात जमिनीवर आहे, शोकेस भिंतीला पट्टीनं जखडलीय, ड्रॉवरना कुलपं. आईनं संध्याकाळी लावून बघितला आणि म्हणाली, "खाली ठिवल्यावर माणसं ठेंगणी दिसायलीत." पण बंद केला नाही. पोरगी त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती. मी तिच्या मागे, तिचा फ्रॉक मुठीत धरून. ती सारखी मुठीतून सुटायला बघत होती.

हे तुम्हाला पोचणार नाही हे बरंच आहे. पोचलं असतं तर मी पुढचं लिहिलं नसतं. सगळ्यांना मी सांगितलंय की मी धावत जाऊन तिला ओढलं. आईला, नवऱ्याला, तुमच्या मुलालाही. आई तर माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तसं झालं नाही. मी टीव्ही धरला, अण्णा. दोन्ही हात थेट त्याच्याकडे गेले. ती माझ्या हातांच्या मधोमध, त्याच्या खाली उभी होती, आणि मला ती दिसलीच नाही. अण्णांचा टीव्ही पडतोय, एवढंच दिसलं. माझे हात किती वेळ टिकले असते मला माहीत नाही. ती वर माझ्याकडे बघून "मम्मा" म्हणाली, पाय खाली सोडला, आणि आपली आपणच उतरली.