तीन मिनिटांचा पराक्रम

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू वहिनीला म्हणशील, 'आता कुठे अडकली ही?' अडकले नाहीये. फोन करत नाही, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणतोस, आणि मी पाठवलेले आवाजी निरोप दुप्पट वेगाने ऐकतोस, हे वहिनीनेच सांगितलंय मला. माझा आवाज चिमणीसारखा येतो म्हणे. कागदाचा वेग वाढवता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

मुद्दा एकच आहे. ज्या माणसाला तू हाकललास, आणि ज्याच्याबद्दल लाखभर लोकांसमोर हसत हसत सांगितलंस की त्याने यंत्राची हवा अडवली म्हणून आकडे घसरले, त्या मोजपट्टीच्या नावाला तू जे काळं फासलंस ते तुलाच पुसायचंय. पण तिथपर्यंत मी माझ्या वाटेने येणार, वाटेत चार ठिकाणी थांबणार. तुला सवय आहे.

तुझ्या त्या 'प्रयोगशाळे'ची मला अजून आठवण येते. गॅरेजच्या वरची खोली, काळे पडदे, लोखंडी मांडणीवर ओळीने तुझ्या चॅनेलसाठी तपासायचे व्हिडिओ गेमचे कन्सोल, आणि दारावर 'मोजणी चालू, शांतता राखा' अशी पाटी, जशी काही आत कुणाची शस्त्रक्रिया चाललीय. एसी इतका की वहिनी चहा द्यायला यायची ती शाल गुंडाळून, आणि मांडणीपर्यंत पोचेस्तोवर चहा कोमट. तिसरा कोर्स अर्धवट टाकून मी तुझ्याकडे आले तेव्हा तू मला काम दिलंस चालायचं. लोकांना सांगते तर विश्वास बसत नाही. बंदरावरच्या गावाचा तो खेळ, त्यात बंदराच्या फाटकापासून घंटेच्या मनोऱ्यापर्यंत चालत जायचं, दर वेळी तेच वळण, तोच वेग, कुठेही न बघता. तेवढ्या चालण्यात कन्सोलमधली ग्राफिक्स चिप सेकंदाला किती चित्रं काढते ते शेजारचा रेकॉर्डर मोजणार. साठ निघाली तर सगळं लोण्यासारखं सरकतं, चित्रं उशिरा यायला लागली की पाय अडखळतात. तीन मिनिटांत मनोरा आला की यंत्र बंद, गार होऊ द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. तू याला 'शिस्त' म्हणायचास. जगभरचे सगळे तज्ज्ञ असंच करतात, हेही तूच सांगितलंस, आणि सांगताना तुझी छाती बघण्यासारखी फुगली होती.

मला ते कधी जमलं नाही. फाटकाच्या डावीकडे शेळ्यांचा कळप होता. इतक्या मेहनतीने कुणीतरी एकेका शेळीच्या कानाची हालचाल काढलीय, आणि तुझी शिस्त म्हणते तिकडे ढुंकूनही बघू नकोस. मी बघायची. तू डोक्यावर हात मारायचास. मोजणीला बसलेला मोजपट्टी मात्र रेकॉर्डर मागे घ्यायचा.

त्याच्याबद्दल तुझ्यासारखाच माझाही काही गोड समज नव्हता. माणूस कंटाळवाणा, हे मी आजही म्हणेन. शर्टाच्या खिशात पट्टी, म्हणून तर हे नाव पडलं, कपाळावर बाम, आणि आपण 'अर्धा तास झाला' म्हटलं की 'सव्वीस मिनिटं' असं पुटपुटणार. वहिनीने एकदा त्याला विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर म्हणे, 'कशाच्या मानाने?' अशा माणसाबरोबर एका खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच. पण त्याचा एक आकडा कधी खोटा निघाला असेल तर सांग.

मग तो नवा कन्सोल आला. त्याआधी कंपनीने तुला बोलावून घेतलं होतं, अनावरणाला. बिनमोज्यांच्या बुटातला तो गृहस्थ मंचावर येऊन म्हणाला, 'ही चिप थकत नाही.' आणि टाळ्यांमध्ये पहिली टाळी तुझी, ती चित्रफीत मी पाहिलीय. न थकणारी चिप. बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात एवढी वीज ओतायची आणि तो तापणार नाही म्हणायचं. चिप तापते, तापली की स्वतःला जळू न देण्यासाठी वेग कमी करते, हे मला कुणी शिकवलं? तूच. पहिल्याच आठवड्यात, चहाच्या कपावर बशी ठेवून. तेव्हा तू समजावत होतास. मंचासमोर बसल्यावर ते सगळं कुठे गेलं, मला ठाऊक नाही. खुर्ची पहिल्या रांगेतली होती ना.

त्या दिवशी तू बाहेर होतास. मी चालायला बसले, आणि या वेळी शेळ्यांच्या मागे गेलेच. त्या टेकडी चढतात, पलीकडे बर्फ आहे, बर्फात एक पडकी शाळा आहे. कुणाला माहीत होतं? मी शाळेत हिंडले, फळ्यावर कुणीतरी काढलेलं घोड्याचं चित्र बघितलं. मोजपट्टीने मला अडवलं नाही आणि रेकॉर्डरही थांबवला नाही. तासाभराने बर्फात माझी पावलं अडखळायला लागली. मला वाटलं, बर्फच तसा असेल. मोजपट्टीने आलेख दाखवला. सुरुवातीला साठवर सरळ रेघ, मग एक पायरी खाली, आणखी एक, शेवटी चाळिशीच्याही खाली. तो उठला, मला परत बंदरावर जायला सांगितलं, आणि त्याच फाटकापासून त्याच मनोऱ्यापर्यंत मी चालले. तिथेही तेच. यंत्र गार असताना जी वाट लोण्यासारखी होती, तिथे आता बैलगाडी.

तू आलास, आलेख बघितलास आणि म्हणालास, 'ही चाचणी नाही, ही हिची भटकंती आहे.' पुसून टाकलंस. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तू पुन्हा पुसलंस आणि त्याला हाकललंस. नियम म्हणे तीन मिनिटांचा आणि गार यंत्राचा. दादा, कुठला माणूस तीन मिनिटं खेळून उठतो रे? कुणाच्या घरी खेळण्याआधी खोलीचा बर्फ करतात? असाच नियम लावायचा तर जगात माझ्याएवढी कामसू बाई नाही. सकाळी उठल्यावर पहिली तीन मिनिटं माझा वेग येऊन बघ, मग हवा तो किताब दे.

तुझं परीक्षण आलं. 'या पिढीतला पडद्यावरचा सर्वांत भक्कम पराक्रम.' हे वाक्य तुझंच की कंपनीच्या पाकिटातून आलेलं, मी विचारलं नाही. मग लोक लिहायला लागले की आमचं यंत्र तासाभराने पेंगतं, तुम्ही एवढा वेळ चालवून पाहिलंत का? तेव्हा 'नाही' म्हणायला तुझं काय जात होतं? चूक झाली, परत मोजतो, एवढं म्हणाला असतास तर लोकांनी तुला डोक्यावरच घेतलं असतं. तू दिवे लावलेस, कॅमेऱ्यासमोर बसलास आणि म्हणालास, आमच्याकडच्या मोजपट्टी साहेबांनी मोजलं होतं, पण त्यांनी यंत्राच्या हवेच्या जाळीवर टॉवेल टाकला होता, आता ते आमच्याकडे नाहीत. वर डोळा मारलास. दिव्याचा खांब मी धरला होता. यंत्र त्या मांडणीवर मीच ठेवलं होतं, चारी बाजूंनी मोकळं, आणि टॉवेल म्हणावा असं त्या खोलीत काही असेल तर ती वहिनीची शाल. मी तिथल्या तिथे म्हटलं, जाळी मोकळी होती. तू टेबलाखालून माईकचा आवाज बंद केलास आणि गोड हसलास. दुसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली. तुला वाटलं, नेहमीसारखा कंटाळा आला हिला.

तुला हे समजलंय का, की त्या एका वाक्यावर लोकांनी काय काय केलं? पंख्यावर उशी ठेवणारा मोजपट्टी, झोपलेल्या मांजरीवर थर्मामीटर ठेवणारा मोजपट्टी, अशी चित्रं अजून फिरतात. त्याने जिथे जिथे अर्ज केला तिथे आधी हसले, मग नाही म्हणाले. आता तो मालट्रकच्या वजनकाट्यावर बसतो. खिडकीतून ट्रक आत येतो, हा आकडा सांगतो, ड्रायव्हर शिवी घालतो, ट्रक जातो. मी भेटायला गेले तर म्हणाला, काटा चांगला आहे. बाकी काही नाही. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. मला राग आला त्याचा, खरं सांगते. एवढं सोसून माणसाने निदान भांडी तरी आपटावीत.

मी सध्या एका हॉस्टेलात काम करते. येणाऱ्यांची नावं लिहायची, चादरी बदलायच्या, गरम पाण्याच्या बंबाला रोज समजावायचं. मालक भला आहे, फक्त घोरतो, आणि तेही स्वागतकक्षात बसून. खालच्या बैठकीच्या खोलीत त्याने पाहुण्यांसाठी तोच कन्सोल ठेवलाय. इथे एक सिमेंटचा विक्रेता महिन्यातून एकदा येतो आणि संध्याकाळभर खेळतो. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, 'ताई, ते पेंगायला लागलं की आपण चहा घ्यायचा. सगळे तसंच करतात.' बघ, तुझ्या पराक्रमी चिपची सोय लोकांनी परस्पर लावून टाकलीय. ती दमली की माणसं चहाला उठतात.

मग मला राहवेना. कन्सोल कपाटातून काढला, खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला, आजूबाजूला हातभर मोकळी जागा. फोन समोर टेकवून संथ गतीत चित्रण चालू ठेवलं, एकाच चौकटीत पडदाही आणि यंत्राची जाळीही, म्हणजे कुणाला टॉवेल शोधायचा असेल तर शोधू दे. बंदर ते मनोरा चालले, साठ. मग तासभर हिंडले, परत फाटकावर आले, तेच वळण, तीच वाट. एक एक चित्र थांबवून मोजायला मला आणि सिमेंटवाल्याला अख्खा रविवार गेला. अडतीस. तो म्हणाला, चौतीस असतं तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. तो सिमेंट विकतो, दादा. त्याला कुणी पहिल्या रांगेत बसवलं नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगते. पंखे, हीटर, मिक्सर असली घरगुती यंत्रं तपासून त्याचे अहवाल छापणारी एक संस्था आहे. तिथे मोजपट्टीने अर्ज केला आणि तिथल्या बाईंना मी माझं चित्रण पाठवलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, बरंच केलं. दुकानातून नवा कन्सोल आणवून स्वतः मोजला. त्यांचा आकडा माझ्याइतकाच आला. मोजपट्टीची जागा पक्की झालीय, तू काहीही म्हणालास तरी ती जाणार नाही. पण त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या आधीच्या मालकाला फोन करतात, आणि सोमवारी तो तुला येईल. त्या एवढंच विचारतील, त्याने हवा अडवली होती का? आणि तू जे म्हणशील ते तुझ्या नावासकट त्या आलेखाखाली छापतील. मोजपट्टीला हे माहीत आहे. तो पहिल्यांदाच मला हसताना दिसला. म्हणाला, 'दादांना काही कळवू नकोस. बोलू दे त्यांना.' मीही हो म्हटलं होतं. तू तोंडावर आपटशील हे दोन दिवस मला इतकं गोड लागत होतं की बंबाशीसुद्धा मी प्रेमाने बोलत होते. तू त्याच लायकीचा आहेस, यात मला अजून शंका नाही. पण काल दुपारी चादरी वाळत घालताना तू माझ्यासमोर दिसलास, फोन कानाला, एक पाय हलवत, तो टॉवेल पुन्हा नव्याने टाकताना, इतक्या सराईतपणे की तुला स्वतःलाही आता तो खरा वाटत असेल. तसं तुला बघायची मला लाज वाटली. म्हणून मोजपट्टीला दिलेला शब्द मोडून लिहितेय, आणि त्याला ते सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. सोमवारी फोन उचल आणि म्हण, जाळी मोकळी होती. पुढे काही जोडू नकोस, विनोद तर अजिबात नको.

तुझीच,
आणि या घडीला तुझा फार राग आलेली,
धाकटी