मरोळातली धिप्पाड बाई

मरोळ गाव, अंधेरी पूर्व
सोमवार

ती. भीमराजमामांना सपनाचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि आपली काळी शेळी, तिघांचंही बरं असेल अशी आशा आहे. मी सुखरूप आहे. (हे वाक्य पुन्हा वाचा. फोनवर मी तेच ओरडत होते आणि तुम्ही “रविवारी न्यायला येतो, बॅग भरून ठेव” म्हणून फोन ठेवून दिलात.) म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टानं. पाटीवर अक्षरं गिरवून घेताना तुम्हीच म्हणायचात, बोललेलं अडवता येतं, लिहिलेलं शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मरोळ गाव म्हणजे जुनी ख्रिस्ती वस्ती. घरं कौलारू, कोपऱ्यावर क्रूस, बोलणं मराठी. रस्त्यापलीकडे काचेचा टॉवर. मधे नुसता रस्ता, पण लोकांचं ऐकाल तर वाटेल सरहद्द आहे. टॉवरात राहणारी ऑफिसातली मानसी म्हणते, “त्या गावात कशी राहतेस गं? काय काय चालतं तिथं!” माझी घरमालकीण क्लॅरिस आंटी म्हणते, “त्या टॉवरात जाऊ नको गो बाय, तिथं माणूस मेला तर शेजाऱ्याला वासावरून कळतं.” मी दोघींचं ऐकून दोन्हीकडे घाबरत होते. तुम्ही दिलेली तिखटाची पुडी पर्समध्ये होतीच.

त्यात वरच्या खोलीत इमॅन्युएल, टांझानियाहून शिकायला आलेला. (अंधेरीभर त्याला कुणी खोली देईना. आंटीनं एवढंच विचारलं, मासे खातोस का?) संध्याकाळी गल्लीत माझ्यामागे किल्ल्यांचा खणखणाट सुरू व्हायचा. मी पळायचे, खणखणाट वाढायचा, मी आणखी पळायचे. एकदा धाप लागून जिन्यावर बसले, तेव्हा त्यानं लांबूनच दोन्ही हात वर करून सांगितलं, की निघताना आईनं बजावलंय, तिकडं बायकांच्या मागून गुपचूप चालू नकोस, दचकतील. आवाज करत चाल. म्हणजे मी घाबरू नये म्हणून तो वाजवत होता! (त्याची आई आणि तुम्ही, दोघं एकाच शाळेतले.)

आता मुख्य गोष्ट. क्लॅरिस आंटी उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि काय काय वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरते. त्यांच्याकडची ही जुनी रीत. नावच बाटली मसाला. (पलंगाखाली त्या बाटल्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा आंटी दारू विकते असं समजून माझा डोळा लागला नव्हता.) शनिवारी तिनं मला टॉवरातल्या गिऱ्हाइकाकडे पिशवीभर बाटल्या देऊन पाठवलं. वॉचमननं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग पुन्हा आडनाव. माझ्याकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं, “बाजूला उभी राहा” म्हणाला. बराच वेळ उन्हात उभी केली, बाटल्या गेटवर ठेवून घेतल्या आणि मला परत पाठवलं. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी मानसीचा मेसेज! ‘सावधान! मरोळमध्ये धिप्पाड काळी बाई फिरत आहे. बाटल्यांत गुंगीचं औषध. सर्वांना पाठवा.’ सोबत कॅमेऱ्यातला धुरकट फोटो. मामा, मी दाराला कडी घातली, कडीला खुर्ची लावली आणि तो मेसेज सगळ्यांना पाठवला! ऑफिसात, आंटीला, इमॅन्युएलला, आपल्या घरच्या ग्रुपवर. ऐकीव गोष्ट पुढं सांगायची नाही, हा तुमचा धडा आठवला होता. पण न पाठवल्यानं कुणाचं बरंवाईट झालं तर?

तेवढ्यात जिन्यावर किल्ल्या वाजल्या. मी दार किलकिलं केलं. इमॅन्युएलनं फोटोतल्या ओढणीवर बोट ठेवलं, मग माझ्या खुंटीवरच्या ओढणीवर. मामींनी दिलेली तीच, मोठ्या फुलांची.

मामा, मी! जिला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं, ती धिप्पाड! आंटी तर “दांडगी बाय खंय लपली?” म्हणत पलंगाखाली शोधायला लागली. आम्ही पोट धरून हसलो. इमॅन्युएल मधेच थांबला. म्हणाला, “मागच्या वर्षी माझा फोटो होता.” त्याच्या हातात तर बाटलीही नव्हती. तो बसची वाट बघत होता.

मी लगेच सगळ्यांना कळवलं, ती बाई मीच, बाटल्यांत मसाला. पहिला मेसेज सगळ्यांनी पुढं पाठवला होता. हा कुणीच पाठवला नाही. मानसीचं उत्तर आलं, “सॉरी यार, पण फोटोत तू अगदी तशीच दिसतेस ना!” तशी म्हणजे कशी, हे विचारायचं राहिलं. विचारणार आहे.

तेव्हा विचार करा. जिच्या भीतीनं तुम्ही मला घेऊन जाणार, ती बाई एसटीत तुमच्याच शेजारी बसून आपल्या मेहकरला येईल.

तुमची,
सपना

ता. क. १ – रविवारी जरूर या, पण न्यायला नको. वर्षभरासाठी खोली देण्याआधी आंटीला माझ्या घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द हवाय. तो तुम्ही द्यावा, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

ता. क. २ – येताना घरची मिरची आणा. तिखटाची पुडी आंटीला इतकी आवडली की ती मसाल्यात गेली. सध्या मी निःशस्त्र आहे.

ता. क. ३ – या रविवारी मला ऑफिसात बोलावलंय, त्यामुळे स्टँडवर इमॅन्युएल येईल. लांबूनच किल्ल्या वाजवेल. त्यानं विचारलंय, “मामा घाबरणार नाहीत ना?” मी नाही म्हणून सांगितलंय. आणि खोटं बोलायला तुम्ही मला शिकवलेलं नाही.