कॉफीच्या आधी

टोरंटो, १२ जानेवारी

प्रिय आईस,
कृ. सा. न.

फोनवर आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला एकीने तरी फोन आपटलेला असतो, म्हणून हे पत्र. डॉक्टरीणबाईंनाही कल्पना पटली. नोव्हेंबरात इस्पितळातून घरी आल्यापासून तब्येत बरी आहे. कामावर जाते, गोळ्या घेते, घरमालकिणीशी एकदाच भांडले.

सोबतच्या डब्यात छोट्या नळ्या आहेत. घाबरू नकोस. इथे माझ्यासारख्या बॉर्डरलाइन मनोविकाराच्या पेशंटांवर एक अभ्यास चाललाय. आमच्यातलं कोण जिवाचं बरंवाईट करून घेईल, याची खूण रक्तात किंवा लाळेत आधी दिसते का, हे त्यांना शोधायचंय. तुलनेला घरातलं एक माणूस लागतं. ते तू. रोज उठल्या उठल्या एका नळीत थुंकायचं, कॉफीच्या आधी. आधी, आई! फिनिश बाईला हे सांगणं म्हणजे छळ आहे, ठाऊक आहे मला. मग नळी फ्रीजरमध्ये ठेव, फक्त बाबांच्या हरणाच्या मटणाशेजारी नको. कुरियरवाला येऊन घेऊन जाईल.

लोभ असावा, सल्ले कमी असले तरी चालतील.

तुझी,
कीर्स्ती

थंडर बे, ३ फेब्रुवारी

चि. कीर्स्ती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नळ्या गेल्या. तुझे बाबा वाफेच्या सौनाची चूल दुरुस्त करताहेत, म्हणजे आता ती कायमची बिघडणार. सरोवर पार गोठलंय. गाडीला हिवाळी टायर बसवलेस का?

तुला न विचारता मी त्या अभ्यासवाल्यांना फोन केला. रागावायचं तर रागाव. तुझ्या नळीत काय निघालं, एवढंच विचारलं. तिथली पोलीन नावाची मुलगी गोड बोलली, पण सांगेना. मग कसला हा अभ्यास? ताप मोजता येतो, तसं हे मोजून कुणी सांगितलं तर मला झोप तरी लागेल. नोव्हेंबरपासून फोन वाजला की तो उचलायला मी तुझ्या बाबांना पाठवते.

आणखी एक. दोन दिवस मी कॉफी पिऊन मग थुंकले. त्यामुळे तुझा निकाल चुकणार नाही ना?

जपून राहा आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

टोरंटो, १७ फेब्रुवारी

प्रिय आईस,
कृ. सा. न.

रागावले होते, पण कॉफीचं वाचून इतकी हसले की राग टिकला नाही.

अगं, निकाल असा नाहीच. शेकडो जणांचे आकडे एकत्र केले तर काही दिसेल म्हणतात, तेही अजून ठरायचंय. एकट्या कीर्स्तीचं काय होणार, हे कुठल्याच नळीत दिसत नाही. पोलीन तुझ्यापासून काही लपवत नव्हती.

पण ती एक गोष्ट करते. दर वेळी समोर बसून सरळ विचारते, जीव द्यावासा वाटतो का. मी खरं ते सांगते. ती दचकत नाही, आणि मला हलकं वाटतं. तू टायरचं विचारतेस. विचारलं तर माझ्या डोक्यात भरेल, असं तुला वाटतं ना? आई, ते आधीपासूनच आहे तिथे. तू विचारत नाहीस, म्हणून मी एकटीच त्याच्याशी बोलत बसते.

बाबांना चुलीपासून लांब ठेव. कडू लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
कीर्स्ती

थंडर बे, १ मार्च

चि. कीर्स्ती हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे बाबा म्हणाले, असलं काही विचारू नकोस. आपल्या घरात सौनात तासभर बसून आपण मासे आणि बर्फ यांवरच बोलतो, तेच बरं म्हणे. मीही आजवर तसंच समजत होते. आज नाही ऐकलं त्यांचं.

कीर्स्ती, तुला जीव द्यावासा वाटतो का?

लिहिलं एकदाचं. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. हो असेल तर मी निघते. नाही असेल तरी निघते. पण खरं सांग, मी दचकणार नाही. दचकले तरी फोन आपटणार नाही.

तुझीच,
आई

टोरंटो, ९ मार्च

प्रिय आईस,
कृ. सा. न.

हो. मागच्या आठवड्यात फार वाटत होतं. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी लगेच बोलावून घेतलं. आज वाटत नाही. उद्याचं मला माहीत नाही, पण उद्या विचारलंस तर उद्याचंही सांगेन.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि रडले. बरं वाटलं.

ये. विमानाचं तिकीट काढ, मी घ्यायला येते. टायर बसवलेत.

तुझी,
कीर्स्ती