पार्ट मिळत नाही

४ जून
आज ती दुकानात शिरली आणि माझं आयुष्य बदललं. नेमकी वेळ लिहून ठेवणार होतो, पण घड्याळाकडे बघायचं भान कुणाला! टॉवेलात गुंडाळलेला जुना रेडिओ तान्ह्या बाळासारखा धरला होता. आजोबांचा आहे, अचानक गप्प झालाय, लवकर द्याल ना, असं विचारलं. माझ्याकडे बघून. मामा शेजारी बसलेला असूनही माझ्याकडे बघून.
कॉलेज सोडलं ते योग्यच केलं. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून तेव्हा बाहेर पडलो नसतो, तर आज मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात असतो का? आई उगाच रडते.
उद्यापासून रोज दाढी. मामाशी भांडण बंद.

५ जून
मामाशी भांडलो. त्याने रेडिओ उघडला, सेलच्या स्प्रिंगला गंज होता, पॉलिश पेपरने घासला, संपलं. चहा यायच्या आत रेडिओ बोलायला लागला. मला वाटलं होतं, निदान महिनाभराचं काम निघेल. मामा म्हणाला, रेडिओ सुरू झाला म्हणून चिडणारा मेकॅनिक मी आजच बघतोय. त्या पोरीला फोन कर.
केला म्हणून सांगितलं. सावकाश नेणार आहेत, असंही सांगितलं.
रेडिओ आतल्या खोलीत, खोक्यांमागे.

८ जून
ती आली. पार्ट मिळत नाही म्हटलं. सहज जमलं.
मग ती बोलतच राहिली. आजोबांना दिसत नाही. रेडिओ हेच त्यांचं घड्याळ. बातम्या लागल्या की दात घासायचे, शेतीचा कार्यक्रम संपला की जेवायचं, जुनी गाणी लागली की अंथरूण. एवढं घरातलं कुणी परक्याला सांगतं का? नाही सांगत.
जाताना ‘येते हं, दादा’ म्हणाली. चार लोकांसमोर असंच म्हणावं लागतं.

१२ जून
धंदा थंड. मामा जुने किस्से सांगत बसला. एका घरातला रेडिओ म्हणे फक्त धाकट्या मुलाच्या थापेने चालायचा. बाकीच्यांनी बडव बडव बडवला, ढिम्म. मुलगा नोकरीसाठी लांब गेला. मग त्याची आई रेडिओ घेऊन मामाच्या उस्तादाकडे आली. उस्तादाने तो ठणठणीत करून दिला, तर बाईचा चेहरा उतरला. म्हणाली, आता त्याला ये म्हणून कुठल्या निमित्ताने लिहू?
मामा हसला. मला हसू आलं नाही. ती बाई आणि मी, आमची जातकुळी एक. मामाला प्रेम कळत नाही.

१५ जून
ती आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. झोपच होत नाही म्हणाली. आजोबा दिवसभर झोपतात आणि मध्यरात्री अंघोळीला पाणी मागतात. आईने मोबाइलवर बातम्या लावून दिल्या, तर आजोबा ‘राँग नंबर’ म्हणून फोन उशीखाली दाबतात.
एवढंच सांगितलं. उरलेलं मी ओळखलं. आजोबांचं निमित्त. जागा मीही असतोच. आग दोन्हीकडे लागली आहे.
कविता करायला घेतली. दुसरी ओळ पहिलीपेक्षा वाईट. फाडली.

१९ जून
मामाने विचारलं, तो खोक्यांमागचा रेडिओ कुणी नेत का नाही. गावाला गेलेत म्हटलं. मामा माझ्याकडे नुसता बघत राहिला. डोकं फिरलं. स्क्रू ड्रायव्हर फेकला. तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पडला. दोन दिवस मामा बोलणार नाही.

२२ जून
ती आज ओरडली. होत नसेल तर तसाच परत द्या, म्हणाली. आजोबा आता नीट जेवतही नाहीत, वेळ झाली यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. डोळ्यांत पाणी होतं. मीही तापलो. यंत्र आहे, जादू नाही, म्हटलं.
नंतर विचार केला. माणूस हक्काच्या माणसावरच ओरडतो.
ठरलं. उद्या रेडिओ स्वतः घरी नेऊन देणार आणि मनातलं बोलून टाकणार. इस्त्रीचा शर्ट. नवे सेल माझ्यातर्फे.

२३ जून
गेलो. तिनेच दार उघडलं. रेडिओ बघून माझ्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला, खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, लावला. सकाळच्या बातम्या. आवाज खणखणीत. आजोबांनी मान वळवली. आता हसतील, म्हणून मी वाट बघत उभा.
ते म्हणाले, एवढ्या रात्री कोण बोलतंय?
ती म्हणाली, आजोबा, सकाळ झालीय. बातम्या लागल्यात. आपला रेडिओ आहे, ऐका तरी.
ते म्हणाले, माझी समजूत घालू नकोस बाळा. आपला रेडिओ कधीच गेला. तू झोप जा. माझ्यापायी किती जागशील?
आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढून घेतलं. उन्हाची तिरीप थेट त्यांच्या पाठीवर होती.
तिने आवाज बारीक केला. मग मला विचारलं, काय बिघडलं होतं?
रस्ताभर पाठ केलेलं बाजूलाच राहिलं. स्प्रिंगला गंज होता, म्हटलं.
किती वेळाचं काम असतं ते, तिने विचारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.