पाहुण्याने दारावर किती ठोके मारावेत

३ नोव्हेंबर, सोमवार. डिचोली.
गुरुदास पेडण्याहून आला होता. आमच्या लॉजमधला, म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या सभेतला, सगळ्यांत जुना मेसन. परगावच्या लॉजला भेट देणाऱ्या ब्रदरने कसं वागावं, याचे नऊ नियम त्याने मला वहीच्या पानावर लिहून दिले. आपल्या सेक्रेटरीकडून आधी पत्र जावं. सर्टिफिकेट जवळ असावं. काळा सूट, पांढरे हातमोजे. बसवतील तिथे बसावं. विचारल्याशिवाय बोलू नये. त्यांच्या रीतीभाती सुधारायला जाऊ नये. सहाव्या नियमापर्यंत मी परफेक्ट आहे.

सातवा: ज्या ब्रदरशी आपलं वाकडं आहे तो आत असेल, तर दोघांनी बाहेर भेटून भांडण मिटवावं. मगच एप्रन बांधून आत जावं. मिटलं नाही तर पाहुण्याने परत फिरावं.

बेळगावच्या लॉजमध्ये आमचे व्याही यशवंतराव आहेत. योगायोग. मी निव्वळ ब्रदरहुडसाठी चाललोय. पण चाललोच आहे, तर बेत सोपा आहे. नियमाप्रमाणे त्यांना बाहेर यावंच लागेल, हात पुढे करावाच लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चहा. चहाला नात समोर येणारच. कोमल. बारशाला बघितली तेवढीच. आता सव्वादोन वर्षांची. तशी मला घाई नाही.

बारशाला काय झालं ते एकदाच नोंदवून ठेवतो. यशवंतराव चारचौघांत म्हणाले, गोव्याची मंडळी उशिरा येणार हे ठाऊकच होतं. त्यानंतर माझ्या हातातून कदेल, म्हणजे खुर्ची, सुटली. लोखंडी, घडीची. यशवंतराव तिच्या वाटेत आले. त्यांचे दोन दात गेले. कदेलीचाही एक पाय गेला, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. तेव्हापासून आमच्या गौरवीने माहेर तोडलं. कमलाक्षी एकटी बसने जाऊन लेकीला आणि नातीला भेटून येते. मी जात नाही. मला कोणी बोलावलेलं नाही.

संकल्प: पंधरा तारखेपर्यंत कोणावर हात उचलायचा नाही. मुळात मी शांत माणूस. संयम: दिवस पहिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.
पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, शिळे उंडे दिले. मी दाबून दाखवले. म्हणाला, आयचेच मरे ते. मी एक उंडो परत केला. लांबून. मग उरलेले चार. चौथा नाकावर बसला, म्हणजे शिळाच होता हे सिद्ध झालं. सायकल गटारात गेली ती उतारामुळे. पावाने मारणं म्हणजे हात उचलणं नव्हे. संयम: दिवस दुसरा.

५ नोव्हेंबर.
पोदेर आमच्या आळीत आला नाही. नाश्त्याला भाकरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
म्हापशाच्या बाजारात सहज गेलो होतो. सहजच एक फ्रॉक घेतला. पिवळा. दुकानातल्या बाईने विचारलं, पोर उंचीला केवढं? मला सांगता येईना. हाताने गुडघ्यापर्यंत दाखवलं, मग कमरेपर्यंत. ती हसली. म्हणाली, आजोबा, नात कधी बघितली नाय की काय?

बाई माणसावर मी कधी हात टाकत नाही. तिच्या शेजारी फ्रॉक घातलेला प्लास्टिकचा पुतळा होता. त्याचं डोकं थेट भाजीवाल्यांपर्यंत गेलं. पुतळा हा ब्रदर नाही, माणूस तर नाहीच. संयम: दिवस पाचवा.

९ नोव्हेंबर, रविवार.
पेडण्याला गुरुदासच्या घरी रंगीत तालीम. आधी परीक्षेची. परक्या लॉजमध्ये बाजूच्या खोलीत बसवून प्रश्न विचारतात, खरा मेसन की तोतया ते बघायला. उत्तरं गुप्त असतात, म्हणून मी ती इथेही लिहीत नाही. सगळी बरोबर आली.

मग सातव्या नियमाची तालीम. गुरुदास यशवंतराव झाला. हात पुढे करून म्हणाला, व्याहीबुवा, झालं गेलं विसरून जाऊ. अगदी तोच आवाज. तेच मोठेपण. गुरुदासच्या चष्म्याची डावी काच फुटली. डोळा सुजला, पण शाबूत आहे. मेलंय रे मेलंय, असं ओरडत तो विहिरीपर्यंत पळाला. मी मागे धावलो ते पाणी मारायला.

तालमीतला मार धरत नाहीत. संयम: दिवस सातवा.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
सूट घालून बघितला. कोटाचं बटण तटकन उडालं. कमलाक्षीने शिवून दिलं. शिवताना म्हणाली, तुमचो हात बरो चलता, तोंडातसून माफी मात येना. मी म्हटलं, चूक कदेलीची असेल तर माफी माझ्या तोंडातून कशी येणार? तिने दोरा दाताने तोडला. फ्रॉकची पिशवी तिला कपाटात सापडलीय. तिने ती इस्त्री करून वर ठेवली, म्हणजे फ्रॉक. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तिला बेळगावला येतेस का विचारलं. म्हणाली, एकटेच जावा, मध्ये पडून माजे दात जातले.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.३०. चोर्ला घाट.
चहाला थांबलोय. निघताना मनाशी ठरवलं होतं, आज गाडीसुद्धा प्रेमाने चालवायची. साखळी गावापर्यंत चालवली. घाटात एकाने वळणावर ओव्हरटेक केलं. पुढच्या वळणावर गाठला. खाली उतरून त्याला समजावलं. त्याने काच वर घेतली, त्यामुळे आरशाला धरून समजावावं लागलं. आरसा हातात आला. तो पळून गेला. आरसा डिकीत ठेवलाय, भेटला तर परत देईन.

तो लॉजचा नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. संयम: दिवस तेरावा.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.४०. बेळगाव.
लॉजच्या बाजूच्या खोलीत लिहितोय. परीक्षा पास! तिघांनी विचारलं, तिघांनाही गार केलं. सर्टिफिकेट बघितलं, पत्र आलेलं होतं. सातव्या नियमाचं मी स्वतःच काढलं. सेक्रेटरी म्हणाले, उत्तम, यशवंतरावांना बाहेर पाठवतो. दोन मिनिटांत मिटवून या, मग सुरू करू.

मोठ्या सागवानी दरवाजाबाहेर टायलर उभा आहे. म्हणजे लॉजचा पहारेकरी, हातात नंगी तलवार. पंचाहत्तरीचा असेल. तलवारीला धार नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून देणार होतो. दिलं नाही. रीतीभाती सुधारायला जाऊ नये. किती सुधारलोय मी!

फ्रॉक बॅगेत आहे. पावलं ऐकू येतायत.

१६ नोव्हेंबर, रविवार.
डाव्या हाताने. म्हणून थोडक्यात.

यशवंतराव आले. नवे दात छान बसलेत. म्हणाले, बाकी काही नको. एवढंच म्हणा, मी मारलं. मग आत जाऊ. उद्या घरी जेवायला या, कोमल तुमचीही आहे.

तोंड उघडलं. निघालं ते असं: कदेल सुटली.

म्हणाले, दोन वर्षं सुटतेच आहे काय हो ती?

मूठ गेली. त्याच क्षणी त्यांचा हातमोजा पडला आणि ते तो उचलायला वाकले. मूठ सागवानी दरवाजावर बसली. एकच ठोका, सणसणीत. आतल्यांना वाटलं, टायलरने ठोकलं. त्यांनी रीतीप्रमाणे आतून ठोका देऊन उत्तर दिलं. मी पुन्हा ठोकलं नाही, तेव्हा त्यांनी दार किलकिलं करून विचारलं, बाहेर कोण आहे? टायलरला खोटं बोलता येत नाही. त्याने सांगितलं, पाहुणे ब्रदर आहेत, मारामारी करतायत.

तीन बोटं मोडली. लॉज माझ्याशिवाय सुरू झालं. यशवंतरावांशिवायसुद्धा, कारण मला हॉस्पिटलात त्यांनीच नेलं.  वाटेत खड्डा आला की गाडी हळू करायचे.

तिथे गौरवी आली. कडेवर कोमल. केस कुरळे, आमच्या आईसारखे. मला रडू आलं. प्लास्टर ओलं होतं, पुसता येईना. डाव्या हाताने फ्रॉक दिला. गौरवीने तो अंगाला लावून बघितला. वर्षाच्या मुलीच्या मापाचा होता.

मी वाकून कोमलचा गाल धरला. तिने माझ्या थोबाडीत दिली. सणकून. आवाज कंपाउंडरने ऐकला. हात माझाच आहे, वादच नाही.

गौरवी रागावली नाही. शांतपणे विचारलं, काय म्हणायचं असतं? कोमलने जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मी माल्लं. सॉली.

इतकंच. लगेच माझ्या प्लास्टरवर बोटाने रेघा ओढायला लागली.

यशवंतराव माझ्याकडे बघत होते. गौरवीपण. मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

त्यांच्या ड्रायव्हरने माझी गाडी चालवत मला डिचोलीला आणून सोडलं. कमलाक्षीने विचारलं, हाताक काय जालां? म्हटलं, दार लागलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी.
पोदेर आजही आला नाही. गुरुदास फोन उचलत नाही. संयम: दिवस पहिला. हात प्लास्टरमध्ये आहे, पण दिवस धरायला हरकत नसावी.

डिकीतला आरसा आणून टेबलावर उभा केला. समोर बसून ते वाक्य म्हणून बघितलं. 'मी' इथपर्यंत येतं. चौदा वेळा बघितलं. कमलाक्षी दारातून ऐकत होती. मी बघितल्यावर भांडी घासायला गेली.

चार वाजता यशवंतरावांना फोन लावला. त्यांनी उचलला. म्हटलं, मी. ते थांबून राहिले. मागे कोमल काहीतरी आपटत होती. मी म्हटलं, मी. ते थांबलेच होते.

मग मी म्हटलं, राँग नंबर.

ते म्हणाले, नाव दिसतंय तुमचं. उद्या परत लावा.