चौकात माझ्या मागे

बाबा, परवा ऊर्जानगरच्या चौकात लाल दिव्याला मी तुम्ही शिकवलं तशीच थांबले होते. लेनच्या मधोमध नाही, कारण तिथं ट्रकांचं तेल सांडून पाय घसरतो. जरा कडेला, पुढच्या कारची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवून, पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, नजर आरशात. मागून कोळशाचा ट्रक येत होता.

मोहर्लीच्या रिसॉर्टात नोकरी लागली तेव्हा ही मोटारसायकल तुम्हीच मला शिकवली. आणि मग एका सकाळी याच चौकात तुम्ही मला आरशात दिसलात, तुमच्या जुन्या गाडीवर, अगदी माझ्या पाठीशी. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चौक ओलांडला की तुम्ही परत फिरायचात. रिसॉर्टातल्या नोकरीबद्दल काकू घरात काय काय कुजबुजते ते मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. "मी कोणाले भेटते ते पाहून राह्यले का तुम्ही? माझ्यावर भरोसा नाई?" आई पोळी लाटायची थांबते. तुम्ही सावकाश पाणी पिता आणि म्हणता, "तुह्यावर हाये. तुह्या मागच्यावर नाई. मी मागं उभा असलो तं ट्रक तुह्यापासून दूर रायते." मी विचारते, "मंग सांगून काऊन नाई आले?" तुम्ही उठून अंगणात जाता. पुढेही तुम्ही येत राहिलात, आणि तुम्ही दिसू नये म्हणून मी आरसा वाकडा करत राहिले.

परवा तो आरसा सरळ होता. ट्रकचा वेग मला कमी होताना दिसेना. मी क्लच सोडला आणि कारच्या बाजूनं पुढं निसटले. मागे मोठा आवाज झाला. ट्रक कारला जाऊन भिडला होता. मी उभी होते ती जागाच उरली नव्हती. कारवाला सुखरूप बाहेर आला. ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणाला, "ब्रेक तं मारलाच होता ना बाई." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तुमच्या त्या उत्तरावरही माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, बाबा. काकूचं बोलणं तुमच्याही कानावर होतंच. हे लिहिलेलं मी आईलासुद्धा वाचून दाखवणार नाही. पण त्या चेपलेल्या कारकडे पाहताना, तुम्ही या जगात नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. तुम्ही असतात, तर माझ्या मागेच उभे राहिला असतात.