मुंग्यांच्या गोष्टीचा शेवट

गिरगाव,
२० एप्रिल १९६०

प्रिय दादा,

आज आधी तक्रार करते, मग खुशाली. तू मला लहानपणी चक्क फसवलंस. शाळेतल्या मुलींनी त्यांच्या हस्तलिखित अंकासाठी माझ्याकडे विज्ञानातली एखादी अद्भुत गोष्ट मागितली, म्हणून मी माळ्यावरची तुझी ती इंग्रजी मासिकं काढली. लढाईनंतर गोरे सोल्जर टाकून गेलेली, फोर्टातल्या फुटपाथवरून तू आणलेली. प्रत्येकाच्या कव्हरवर हत्तीएवढी मुंगी आणि किंचाळणारी बाई! गॅलरीत बसून तू मला त्या गोष्टी मराठीत सांगायचास आणि दर वेळी शेवटी माणसांचा नि मुंग्यांचा समेट व्हायचा. मला वाटायचं, असल्या गोष्टींची रीतच ती. आता स्वतः वाचल्या, तर एकीतही तसं नाही. कुठे आग, कुठे विषारी धूर, कुठे बॉम्ब. माणूस जिंकला की गोष्ट संपली.

माझा नुसता गोंधळ उडालाय. हे लेखक मुंगीला आधी एवढी मोठी का करतात? मारायचीच, तर आहे तेवढीही मरतेच की. बहुधा एवढ्याशा जिवाला मारायची लाज वाटत असेल, म्हणून आधी तिला राक्षस करायचं. पण मग वाटतं, त्यांची भीतीही खरी असेल. मुलींना कुठला शेवट द्यावा, ठरतच नाही.

तात्या पेन्शनीत निघाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड करतात. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर मला रॉकेल लावू देत नाहीत. हळदीची रेघ ओढतात आणि त्या वळून जाईपर्यंत बघत उभे राहतात. ते पाहिलं की छप्पन सालचा जानेवारी आठवतो. तू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघालास, तात्या दारात आडवे आले, "मुंग्यांसारखं चिरडतील तुम्हांला." तू म्हणालास, "सरकारी खुर्ची उबवणाऱ्यांना माणसं मुंग्याच दिसायची." गेलास तो तुरुंगातून सुटल्यावर परस्पर बेळगावला, नोकरीला. तात्या तिरस्काराने बोलले, असंच मीही चार वर्षं धरून बसले होते. आता काही खात्रीने सांगवत नाही. येत्या एक तारखेला महाराष्ट्र होणार, चाळीत पताकांची धांदल आहे, आणि बेळगाव तेवढं बाहेर राहिलं, तुझ्यासकट. हसावं की रडावं, तेही कळत नाही.

खरं सांगायचं तर हे पत्र हस्तलिखितासाठी नाहीच. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अक्षर लागत नाही. परवा संध्याकाळी मी त्यांना वारुळाजवळ राहणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट मराठीत करून वाचून दाखवली. मुंग्या जळतात तिथवर आले, तर म्हणाले, "हा छापलेला शेवट. तो मी वाचलाय. शशीचा सांग." दादा, तू गॅलरीत गोष्ट सांगत असताना ते आत तोंडावर पेपर घेऊन पडायचे ना, ते झोपलेले नसायचे. मी खूप आठवून पाहिलं, पण तुझ्या शेवटात तो समेट नेमका कसा व्हायचा, ते काही केल्या आठवेना. तुझ्याकडून लिहून मागवते म्हटलं, तर भिंतीकडे वळून म्हणाले, "लिहून नको. मला आता वाचता येत नाही." मी वाचून दाखवीन, हे त्यांना ठाऊक आहे, दादा. ऑपरेशन सात मेला आहे.

तुझीच,
उर्मी